गदूदचे ऑपरेशन आणि न उच्चारलेले एक वाक्य

लखनौच्या आलमबागेत प्रोस्टेटला प्रोस्टेट म्हणणारे थोडे. सामान्य माणूस त्याला ‘गदूद’ म्हणतो, आणि ज्यांना शुद्ध हिंदीची हौस आहे ते ‘पौरुष ग्रंथि’ म्हणतात. रेल्वेच्या कारखान्यात हयात घालवलेले निवृत्त कामगार आणि बसस्थानकाजवळचे दुकानदार सकाळच्या चहाला जमले की एकमेकांना विचारतात, ‘गदूद काढून झाला का?’ मग आवाज खाली आणून आणखी एक प्रश्न विचारतात. हा दुसरा प्रश्न डॉक्टरांसमोर मात्र कोणी काढत नाही, आणि डॉक्टरही आपण होऊन काढत नाहीत. मी मराठी माणूस असून गेली अनेक वर्षे याच वस्तीत राहतो. प्रस्तुत टिपण त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. वाढलेल्या प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषाच्या लैंगिक जीवनात काय बदलते आणि काय बदलत नाही, हे वैद्यकाला कित्येक दशकांपासून पुरेसे स्पष्ट ठाऊक आहे. ते रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले जात नाही. आणि विज्ञानवार्ता देणारी आपली माध्यमे ही उणीव भरून काढण्याऐवजी तिच्यावर मुलामा चढवतात.

लेझरविषयीच्या बातम्यांचा साचा आठवून पाहा. चिरा नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी, ‘आणि पौरुष सुरक्षित’. पहिल्या तीन दाव्यांत बरेच तथ्य आहे. चौथ्या दाव्याला अर्थच नाही, कारण ‘पौरुष’ नावाची कोणतीही एक गोष्ट शरीरशास्त्राला माहीत नाही. इच्छा, ताठरता, स्खलन आणि तृप्तीची संवेदना या चार निरनिराळ्या प्रक्रिया आहेत. त्यांच्या नसा, त्यांचे स्नायू आणि त्यांची संप्रेरके निराळी आहेत. एक बिघडली म्हणजे बाकीच्या बिघडल्याच असे होत नाही. ज्या बातमीत या चौघींना एकाच शब्दात कोंबलेले असते ती विज्ञानाची बातमी नव्हे, जाहिरात आहे.

विद्यार्थी मित्रांसाठी थोडी रचना सांगतो. प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. तारुण्यात तिचे वजन सुमारे २० ग्रॅम, म्हणजे अक्रोडाएवढे. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत तिचा आतला भाग वाढतो. ही वाढ कर्करोग नव्हे. ती मूत्रमार्गाला आवळते, धार बारीक होते, रात्री चार-चार वेळा उठावे लागते, आणि कधी लघवी पूर्णच तुंबते. शस्त्रक्रियेत हा आतला, वाढलेला भाग काढतात आणि बाहेरचे आवरण जागेवर ठेवतात. नारळाची करवंटी शाबूत ठेवून आतले खोबरे खरवडावे, तसे.

ताठरता आणणाऱ्या नसा त्या करवंटीच्या बाहेरून जातात. १९८२ मध्ये पॅट्रिक वॉल्श आणि पीटर डोंकर यांनी त्यांचा मार्ग नेमका दाखवून दिला, आणि कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढताना या नसा वाचवण्याचे तंत्र त्यातून विकसित झाले. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत करवंटीसकट सारे काढावे लागते, म्हणून तेथे नसांना धोका असतो. साध्या वाढीच्या शस्त्रक्रियेत सहसा तेथवर पोहोचावेच लागत नाही. आपल्याकडे ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ या एकाच नावाखाली हे दोन प्रसंग एकत्र केले जातात, आणि एकाची भीती दुसऱ्याच्या माथी मारली जाते.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ५५६ पुरुषांवर झालेला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत पाहण्यासारखा आहे. अर्ध्या पुरुषांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली, अर्ध्यांना नुसते देखरेखीखाली ठेवले. नंपुसकत्वाचा संबंध शस्त्रक्रियेशी जोडता आला नाही. या वयात ताठरता तशीही कमी होत जाते. मधुमेह आणि रक्तदाब आपला वाटा उचलत असतात. शस्त्रक्रियेनंतर ताठरता घटल्याची तक्रार काही पुरुष करतात, ती खोटी म्हणून झटकू नये. परंतु तुलनेला दुसरा गट नसेल तर दोष कोणाचा हे ठरत नाही.

स्खलनाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि येथेच सारे पाणी मुरते.

वीर्य बाहेर पडण्याच्या क्षणी मूत्राशयाचे तोंड घट्ट मिटते आणि त्याखालच्या भागातील स्नायू वीर्याला पुढे ढकलतात. शस्त्रक्रियेत नेमका हाच भाग रुंद केला जातो. लघवीची वाट मोकळी होते, पण वीर्याला मागची वाटही मोकळी सापडते. ते मूत्राशयात जाते आणि पुढच्या लघवीबरोबर बाहेर पडते. याला प्रतिगामी स्खलन म्हणतात. दुर्बिणीतून तासून काढण्याच्या रूढ शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक पुरुषांत हे घडते. होल्मियम लेझरने ग्रंथी सोलून काढली तर प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास जाते. लेझरचे फायदे खरे आहेत. रक्तस्राव कमी होतो, नळी लवकर निघते, मोठ्या ग्रंथींनाही हा उपाय चालतो. पण वाट रुंद करायची म्हटल्यावर ती सुरीने केली काय आणि प्रकाशाने केली काय! लेझर म्हणजे स्खलन सुरक्षित, हा समज निखालस चुकीचा आहे आणि तो बातम्यांनीच पसरवला आहे.

शरीराला यातून इजा होत नाही. तृप्तीची संवेदना बहुतेकांत टिकते, काहींना तिची तीव्रता उणावल्यासारखी वाटते. मूल हवे असणाऱ्यांसाठी मात्र हा बदल गंभीर आहे, आणि उशिरा लग्न झालेले किंवा दुसरे लग्न केलेले पुरुष काही दुर्मीळ नाहीत. एरवी ज्याला आधी सांगितले आहे असा माणूस हा बदल पुष्कळदा सहज स्वीकारतो. ज्याला सांगितलेले नाही त्याचे काय होते, ते मी शेजारच्या घरात पाहिले.

हे गृहस्थ रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय सहासष्ट. मी त्यांना बाबूजी म्हणतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली, धार सुटली, रात्रीची झोप परत आली. दोन महिन्यांनी पत्नीजवळ गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की सर्व काही पूर्वीसारखे झाले, पण बाहेर काहीच आले नाही. सकाळी लघवी गढूळ दिसली. त्यांनी लहानपणापासून जे ऐकले होते त्याप्रमाणे निष्कर्ष काढला: धातू जाते आहे. रुळांकडेच्या भिंतींवर ‘मर्दाना कमज़ोरी’ आणि ‘गुप्त रोगी मिलें’ ही अक्षरे त्यांनी चाळीस वर्षे कामावर जाता-येता वाचली होती. त्यांतल्या एका पत्त्यावर ते गेले. सात महिने पुड्या आणि भस्मे घेतली. निवृत्तिवेतनातून किती पैसे गेले ते त्यांनी मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. पत्नीच्या खोलीत निजणे बंद केले. बाईंना वाटले, आपलेच काही चुकले.

एके दिवशी रुग्णालयाचे इंग्रजी कागद वाचून दाखवायला त्यांनी मला बोलावले. संमतिपत्राच्या दुसऱ्या पानावर, बारीक टायपात, तेराव्या की चौदाव्या ओळीत प्रतिगामी स्खलनाचा उल्लेख होता. इंग्रजीत. त्याखाली बाबूजींची सही होती, हिंदीत. मी त्या ओळीचा अर्थ सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘बस, इतकंच होतं?’

आता या गोष्टीतील स्थानिक विडंबना पाहा. वीर्य लघवीवाटे जाते आणि त्यामुळे अंग खंगते, या भयातून येणाऱ्या थकव्याला, उदासीनतेला आणि शरीराच्या तक्रारींना ‘धात सिंड्रोम’ हे नाव १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी दिले. विग लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजचे. म्हणजे ज्या शहराने या भयाला जगाच्या मानसोपचारशास्त्रात नाव मिळवून दिले, त्याच शहरात साठ वर्षांनंतर आपण एका माणसाला असे घरी पाठवतो की त्याच्या लघवीतून खरोखरच वीर्य जात आहे, आणि ते का जात आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. पाश्चात्त्य देशांतील रुग्णाला हा बदल विचित्र वाटत असेल. आपल्याकडच्या रुग्णाला तो मृत्यूच्या दूतासारखा वाटतो. परदेशी पाठ्यपुस्तकात प्रतिगामी स्खलनाला किरकोळ परिणाम म्हटले असेल, तर तो शेरा गंगा-यमुनेच्या दुआबात तसाच्या तसा लागू होत नाही. मराठवाड्यात किंवा विदर्भातही होत नाही. ‘धातू जाणे’ हा शब्दप्रयोग आपल्या खेड्यांना अपरिचित नाही.

भिंतींवरच्या त्या जाहिरातींविषयी एक कंसातली गोष्ट. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत प्रोस्टेटचे विकारही आहेत आणि नपुंसकताही. दोहोंवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात करणे बेकायदा आहे. कायदा सत्तरीचा झाला, भिंतींना दरवर्षी नवा चुना मिळतो, आणि त्यावर तीच अक्षरे नव्याने उमटतात. भस्मांमध्ये पारा-शिशासारखे जड धातू सापडल्याचे अनेकदा नोंदले गेले आहे, तेव्हा हे नुकसान केवळ खिशाचे असते असेही नाही. तथापि मला भोंदूंपेक्षा अधिक राग येतो तो आपल्या वैद्यकाच्या मौनाचा. भोंदू निदान त्या माणसाशी बोलतो तरी.

या भीतीला इतिहासाचाही थोडा आधार आहे हे मान्य केले पाहिजे. १८९३ मध्ये फिलाडेल्फियाचे शल्यविशारद जे. विल्यम व्हाइट यांनी प्रोस्टेट आक्रसावी म्हणून दोन्ही अंडकोष काढून टाकण्याचा उपाय सुचवला, आणि दोनच वर्षांत अशा शंभराहून अधिक रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. म्हणजे प्रोस्टेटच्या इलाजाने पुरुषत्व जाते ही समजूत केवळ अडाण्यांची नव्हती. काही वर्षे तो अधिकृत उपचारच होता. तो मागे पडला तो दुसऱ्या एका शल्यविशारदामुळे, आणि त्याचा या प्रांताशी जवळचा संबंध आहे. पीटर फ्रेयर हा आयरिश माणूस १८७५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला आणि त्याची नोकरी याच उत्तरेच्या मुलखात झाली. रामपूरच्या नवाबाच्या मूत्राशयातील खडा काढल्याबद्दल त्याला लाखभर रुपये मिळाले आणि त्यावरून सरकारशी त्याचा खटका उडाला. निवृत्तीनंतर लंडनच्या सेंट पीटर्स हॉस्पिटलमध्ये डिसेंबर १९०० मध्ये त्याने पोटाच्या मार्गाने, बोटाने सोलून प्रोस्टेटचा वाढलेला भाग काढला, आणि पुढल्या वर्षी चार रुग्णांची हकिगत छापली. पुढे १९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी मूत्रमार्गातून जाणारे उपकरण आणले आणि पोटावरच्या चिऱ्याची गरज कमी होत गेली. अंडकोष काढण्यापासून लेझरपर्यंतचा हा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे. रुग्णाशी बोलण्याच्या कलेत मात्र एवढी प्रगती दिसत नाही.

‘सगळे सांगत बसलो तर रुग्ण पळून जातात,’ असे एका तरुण डॉक्टरने मला सांगितले. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. लघवी तुंबून मूत्रपिंडांवर ताण आलेला माणूस भीतीपोटी शस्त्रक्रिया टाळेल तर त्याचा जीव जाऊ शकतो. परंतु न सांगितल्याने भीती टळते कोठे? ती शस्त्रक्रियेनंतर येते, आणि चहाच्या टपरीवरून इतर दहा जणांपर्यंत पोहोचते. आलमबागेत बाबूजींच्या ‘कमज़ोरी’ची कुणकुण लागल्यावर किमान दोघांनी आपले ऑपरेशन पुढे ढकलले. खरे बोलल्याने पळालेल्या रुग्णांची गणना डॉक्टर करतात. मौनामुळे पळालेले रुग्ण त्यांच्या दारापर्यंत येतच नाहीत, मग त्यांची गणना कोण करणार?

दुसरा आक्षेप वयाचा. ‘पासष्टीत काय करायचे आहे?’ हे वाक्य मी वाहिनीवरच्या चर्चेतही ऐकले आहे, आणि ऐकून सूत्रसंचालक हसले होते. अमेरिका आणि युरोपातील सहा देशांत ५० ते ८० वयाच्या १२,००० हून अधिक पुरुषांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील पाचांपैकी चार पुरुष लैंगिकदृष्ट्या सक्रिय होते. त्याच पाहणीत असेही दिसले की लघवीचा त्रास जितका तीव्र, तितक्या लैंगिक अडचणी अधिक, आणि हे नाते वय वजा केले तरी उरते. भारतीय म्हातारे याहून निराळ्या मातीचे आहेत असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. निराळा आहे तो आपला संकोच. आणि या संकोचात पत्नीला तर कोणी मोजतच नाही. सल्लामसलतीच्या वेळी ती बहुधा बाहेरच्या बाकावर औषधांची पिशवी धरून बसलेली असते.

तिसरा मुद्दा कायद्याचा आहे आणि तो मला सर्वांत भक्कम वाटतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतातील वैद्यकीय संमतीची कसोटी ठरवली. न्यायालयाने अमेरिकेइतका कडक निकष स्वीकारला नाही. दूरचे, क्वचित घडणारे धोके डॉक्टरांनी एकूण एक सांगितलेच पाहिजेत असे नाही, हे मान्य केले. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि ठळक धोके सांगावेत, एवढी माफक अपेक्षा ठेवली. आता या माफक मापानेच मोजू. जो परिणाम तिघांपैकी दोघांत होतो तो दूरचा कसा? तो धोकाही नव्हे, ती जवळजवळ खात्री आहे. शंभरातल्या एकाला होणाऱ्या संसर्गाविषयी बजावायचे आणि शंभरातल्या सत्तरांना होणाऱ्या गोष्टीबद्दल परक्या भाषेतील चौदाव्या ओळीवर भिस्त ठेवायची, याला संमती म्हणणे मला जड जाते.

पर्यायांचीही हीच कथा. मूत्रमार्गाच्या आतील एका छोट्या उंचवट्याभोवतीची, त्याच्या वरच्या बाजूची सुमारे १ सेंटीमीटर ऊती शाबूत ठेवली तर पुष्कळ रुग्णांत पुढचे स्खलन टिकते, असे अलीकडच्या कामातून दिसते. मूत्राशयाच्या तोंडाचे मिटणे हेच सर्वस्व, ही जुनी समजूत त्यामुळे डळमळली आहे. पाण्याच्या वेगवान झोताने ऊती काढण्याच्या पद्धतीची रूढ शस्त्रक्रियेशी तुलना झाली तेव्हा स्खलन गमावलेल्यांचे प्रमाण १० टक्के विरुद्ध ३६ टक्के असे निघाले. वाफेचे आणि क्लिपांचे उपायही आहेत. त्यांत स्खलन बहुधा वाचते, पण धार तितकी सुधारत नाही आणि पुन्हा इलाज करावा लागण्याची शक्यता वाढते. शिवाय ते खर्चिक. गोळ्यांचेही सोवळे नाही. सिलोडोसिन घेणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पुरुषांत स्खलन बिघडते, गोळी थांबवली की बहुधा पूर्ववत होते. फिनास्टराइडने काहींची इच्छाच मंदावते. म्हणजे येथे फुकट काही नाही, प्रत्येक ठिकाणी देवघेव आहे. ही देवघेव कोणी ठरवायची? बाबूजींना विचारले असते तर त्यांनी धारच निवडली असती, असे ते स्वतः म्हणतात.

आणि हा प्रश्न आता लहान राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे छत्र सत्तरी ओलांडलेल्या सर्वांवर, उत्पन्न न पाहता, धरण्यात आले आहे. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया तिच्यात समाविष्ट आहे. पूर्वी पैशाअभावी नळी लावून दिवस काढणारे वृद्ध आता शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचतील, ही आनंदाचीच गोष्ट. योजनेने शस्त्रक्रियेचे दर ठरवले आहेत. समजावून सांगण्याच्या पंधरा मिनिटांचा दर कोणी ठरवलेला नाही, आणि ज्याचा दर नसतो ते काम गर्दीच्या रुग्णालयात सर्वांत आधी गळून पडते.

मराठी वाचकांना तरी या विषयाचे वावडे असू नये. १९२७ मध्ये र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चालवले. वाचकांनी धाडस करून विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला. नव्वद वर्षांनंतर दंडाचे भय उरलेले नाही, तरी विज्ञानाच्या पानावर ‘वीर्य’ हा शब्द छापताना संपादकांची लेखणी अडखळते आणि त्या जागी ‘पौरुष’ लिहिले जाते. शब्द सभ्य झाला आणि माहिती नाहीशी झाली. मी स्वतः एका वृत्तपत्राला यावर पत्र पाठवले होते. ते ‘कौटुंबिक वाचकवर्ग’ या कारणाने परत आले. कुटुंबात प्रोस्टेट नसते की काय, कोण जाणे.

या पानावर विज्ञान वाचणाऱ्या वैद्यकाच्या आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांकडे माझे मागणे छोटे आहे. नव्या यंत्राची बातमी लिहाल तेव्हा ताठरता आणि स्खलन यांचे आकडे वेगवेगळे मागा. कंपनीने एकच आकडा दिला तर दुसरा का नाही हे विचारा. कोणत्या शस्त्रक्रियेशी तुलना केली, किती रुग्णांवर, किती महिने पाठपुरावा केला, हे लिहा. आणि जे डॉक्टर होणार आहेत त्यांनी एक वाक्य पाठ करावे, आपापल्या भाषेत: ‘ऑपरेशननंतर संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता लघवीच्या पिशवीत जाण्याची बरीच शक्यता आहे, नंतरची लघवी गढूळ दिसेल, त्याने अशक्तपणा येत नाही, पण पुढे मूल हवे असेल तर आजच सांगा.’ हे म्हणायला अर्धे मिनिटही लागत नाही. मी घड्याळ लावून पाहिले आहे.

बाबूजींच्या धाकट्या भावाला पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे. काल ते दोघे माझ्याकडे आले होते. बाबूजींनी प्रश्न हिंदीत, मोठ्या अक्षरांत एका वहीच्या पानावर उतरवून घेतले आणि पान चौघडी करून भावाच्या खिशात ठेवले. जाताना दारात थांबून त्यांनी भावाला आणखी एक सांगितले: तपासणीला जाशील तेव्हा वहिनीला बाहेर बसवू नकोस.